परवडत नाही म्हणून महिलांना कमी पगार देता येतो का?

ऑफिस एकच, काम एकच, पण महिलांचा पगार पुरुषांपेक्षा कमी. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी या शिपिंग कंपनीत स्टेनोग्राफर्सच्या बाबतीत हेच घडत होतं. एका महिला कर्मचारीने दाद मागितली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1987 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. व्यवसायातली नैतिकता म्हणजे काय, हे या खटल्यातून नीट समजतं.

कंपनीचं म्हणणं काय होतं?

- महिला स्टेनोग्राफर्सचं काम वेगळ्या स्वरूपाचं आहे.
- पगार युनियनसोबतच्या करारानुसार ठरला आहे.
- समान पगार देण्याची कंपनीची आर्थिक स्थिती नाही.

कोर्टाने काय सांगितलं?

पदाचं नाव काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे महत्त्वाचं. किरकोळ फरकांमुळे काम वेगळं ठरत नाही. करार झाला म्हणून कायद्याने दिलेला हक्क संपत नाही. आणि 1976 चा समान वेतन कायदा लागू होणं कंपनीच्या ऐपतीवर अवलंबून नाही.

यात 'हक्क' कुठे आला?

शेवटच्या मुद्द्यात. नफा-तोट्याचा हिशोब करून जे नाकारता येतं, ती सवलत. हक्क तसा नाकारता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांच्या मते माणसाला केवळ साधन म्हणून वापरणं चूक आहे. महिलांना कमी पगार देऊन खर्च वाचवणं म्हणजे नेमकं तेच.

आणि 'न्याय'?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या पुस्तकात एक कसोटी मांडली. नियम ठरवताना आपण स्वतः कोण असणार, हेच माहीत नाही अशी कल्पना करायची. उद्या आपण त्या ऑफिसात पुरुष असू की महिला, हे माहीत नसतं, तर त्या पगाराच्या करारावर कोणी सही केली असती का?

आज काय स्थिती आहे?

1976 च्या कायद्यातल्या समान वेतनाच्या तरतुदी 2019 च्या वेतन संहितेत घेतल्या आहेत. पण कायदा समान किंवा सारख्या कामाची तुलना करतो. जास्त पगाराच्या पदांवर महिला कमी का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. तो प्रश्न कंपनीने स्वतःला विचारायचा असतो. व्यवसायातली नैतिकता कायद्याच्या एक पाऊल पुढे असते, ती इथेच.