इम्पीरिअस: एका विशेषणाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याची 'इम्पीरियल' आणि 'इम्पीरिअस' या दोन विशेषणांत हटकून गफलत होते. पहिला शब्द आपल्याकडे १९२१ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल बँकेच्या पाटीवरूनच पुष्कळांच्या परिचयाचा झाला. १९५५ साली त्या बँकेची स्टेट बँक झाली आणि ती पाटी उतरली. दुसरा शब्द कोशात पाहावा, तर 'हुकूम गाजविणारा, अरेराव, उद्दाम' असे अर्थ सापडतात. दोन्ही शब्दांचे मूळ एक. मग एकाच्या वाट्यास वैभव आणि दुसऱ्याच्या वाट्यास निंदा का यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे व्याकरण मागे पडते आणि प्राचीन रोममधील एका घराण्याची तीन पिढ्यांची हकीकत पुढे येते.

लॅटिन भाषेत 'इम्पेरिअम' म्हणजे आज्ञा करण्याचा कायदेशीर अधिकार. प्रजासत्ताक रोममध्ये तो मुख्यतः दोन कॉन्सलांच्या हाती असे. कॉन्सलपुढे बारा लिक्टर, म्हणजे चोपदार, छड्यांच्या जुड्या घेऊन चालत. परंतु रोमन लोक मोठे सावध. अधिकार दोघांत विभागलेला आणि मुदत एका वर्षाची. नगराच्या सीमेत कॉन्सलच्या जुड्यांतील कुऱ्हाडी काढून ठेविल्या जात. कारण तेथे देहान्त शिक्षेविरुद्ध नागरिकास लोकसभेकडे दाद मागता येत असे. संकटसमयी डिक्टेटर नेमीत. त्याच्यापुढे चोवीस लिक्टर असत, पण त्याची मुदत सहा महिन्यांहून अधिक नसे. सारांश, घराबाहेरील सत्तेस रोमने जागोजागी बांध घातले होते. घरातील सत्तेस मात्र असा बांध जवळजवळ नव्हता. मुलगा कितीही मोठा झाला, तरी बाप जिवंत असेतो तो बापाच्या सत्तेखाली. आणि या सत्तेत कायद्याने प्राणदंडाचा हक्कही येत असे.

इ. स. पू. ३६३ साली रोममध्ये रोगाची साथ चालू होती. देवकोप शमावा म्हणून डिक्टेटरने ज्युपिटरच्या देवळात खिळा ठोकावा, असा एक जुना विधी होता. त्यासाठी लूशिअस मॅन्लिअस यास डिक्टेटर नेमिले. काम एवढेच की खिळा ठोकावा आणि अधिकार खाली ठेवावा. पण चोवीस चोपदार पुढे चालू लागताच या गृहस्थास खिळ्याचा विसर पडला. त्याने युद्धाची तयारी मांडली आणि सक्तीची सैन्यभरती आरंभिली. जे नावनिशी देण्यास कचरले त्यांस दंड, फटके आणि तुरुंग. अखेर लोकपक्षाचे सर्व ट्रिब्यून उलटले, तेव्हा त्याने पद सोडले.

पुढल्या वर्षी मार्कस पॉम्पोनिअस या ट्रिब्यूनने त्याच्यावर आरोप ठेविला. मॅन्लिअसला 'इम्पेरिओसस' असे उपनाव होते. आज्ञा ज्याच्या अंगी भिनली आहे, असा त्याचा भाव. हेच ते आपले इंग्रजी विशेषण. इतिहासकार लिव्ही म्हणतो की स्वतंत्र नगरास हे उपनावच जाचत असे, आणि परक्यांइतकाच स्वकीयांवर केलेल्या क्रौर्याने त्याने ते मिळविले होते. आरोपातील सर्वांत झोंबणारे कलम भरतीचे नव्हते, मुलाचे होते. मुलगा टायटस बोलण्यात मंद; एवढ्याच दोषासाठी बापाने त्यास नगरातून, घरादारातून काढून शेतावर गुलामांच्या कामास जुंपिले होते.

टायटसच्या कानी ही वार्ता गेली. आपल्यामुळे वडिलांवर बालंट येते, याचे त्यास दुःख झाले. पहाटे कमरेस सुरा लावून तो रोमला आला आणि थेट पॉम्पोनिअसच्या घरी गेला. बापावर चिडलेला मुलगा काही नवे गाऱ्हाणे आणीत असेल, अशा समजुतीने त्यास आत घेतले. एकांत होताच त्याने सुरा उपसला आणि वडिलांवर खटला चालविणार नाही, अशी शपथ ट्रिब्यूनकडून घेवविली. खटला बुडाला. लोकांनी मात्र या पितृभक्तीचे कौतुक केले आणि त्याच वर्षी टायटसला सैन्यात अधिकाराची जागा मिळाली. पुढे एका धिप्पाड गॉल योद्ध्यास द्वंद्वात मारून त्याच्या गळ्यातील पिळाची हसळी त्याने आपल्या गळ्यात घातली. त्यावरून त्यास टॉर्क्वेटस म्हणू लागले.

येथे गोष्ट संपती, तर ती पाठ्यपुस्तकास शोभली असती. पण इ. स. पू. ३४० साली हाच टायटस कॉन्सल होऊन लॅटिन लोकांवर चालून गेला. शत्रूची भाषा, शस्त्रे, रिवाज सारे रोमनांसारखेच. घोटाळा होऊ नये म्हणून रांग सोडून कोणी लढू नये, अशी सक्त आज्ञा होती. टेहळणीस गेलेल्या त्याच्या तरुण मुलास एका लॅटिन सरदाराने डिवचले. मुलाने त्यास लोळविले आणि त्याची शस्त्रे आणून मोठ्या अभिमानाने वडिलांपुढे ठेविली. आपणही वडिलांसारखेच द्वंद्व जिंकले, असे त्या बिचाऱ्यास वाटले असावे. बापाने तोंड फिरविले, शिंग फुंकवून सैन्य गोळा केले आणि लिक्टरकडून सर्वांदेखत त्याचा शिरच्छेद करविला.

लिव्हीने हे तीनशेहून अधिक वर्षांनी लिहिले आहे. त्यात घराण्याच्या आख्यायिकेची भर किती, याविषयी आजचे इतिहासज्ञ साशंक असतात. परंतु रोमनांच्या मनावर तिचा ठसा उमटला खरा. लिव्ही दोन्ही गोष्टी सांगतो: त्या शिक्षेने सैन्यास शिस्त लागली, आणि कॉन्सल जिंकून परतला तेव्हा सामोरे गेले ते केवळ वृद्ध, तरुणांनी त्यास जन्मभर टाळिले. 'मॅन्लिअसच्या आज्ञा' ही रोममध्ये म्हणच पडली.

इंग्रजीत आल्यावर हा शब्द काही काळ मानाचाही होता. 'हॅम्लेट'मधील स्मशानाच्या प्रवेशात सीझरला लावलेले विशेषण १६०४ च्या सुमाराच्या छापील प्रतीत 'इम्पीरिअस' असे आहे, तर १६२३ च्या प्रतीत 'इम्पीरियल'. तेव्हा दोहोंच्या अर्थांची वाटणी पुरती झाली नव्हती. पुढे पद, राज्य आणि वैभव एकाकडे गेले आणि स्वभाव दुसऱ्याकडे राहिला.

ही वाटणी ध्यानात धरण्याजोगी आहे. पदास मुदत असते, स्वभावास नसते. लूशिअसचे डिक्टेटरपद थोड्याच काळात सुटले. त्याचा हुकूम मात्र घरात राहिला, त्याने ज्यास शेतावर धाडिले त्या मुलाच्या अंगी उतरला, आणि नातवाच्या मानेवर पडला. ज्याने बापाचा जाच सोसला त्यानेच तो पुढे चालवावा, हे या हकीकतीतील खरे दुःख होय. आपल्याकडेही घरच्या कर्त्या पुरुषाविषयी 'स्वभावाने करडे, पण शिस्तीचे' असे कौतुकाने बोलतात. शिस्त चांगलीच. परंतु ती कशासाठी आहे, हे विचारण्याची मुभा ज्या घरात मुलांस आहे, त्या घरच्या वडीलमाणसास हे रोमन उपनाव लागावयाचे नाही.