गिळलेलं जनुक कुठे अडतं?

जयसिंगपूर-कोल्हापूर भागात एम.फार्म. संपवून तुम्ही पीएच.डी.चा विषय शोधत असाल, तर 'नॅनोकणांतून तोंडावाटे जनुकउपचार' हे शब्द मोहात पाडतीलच. प्रस्ताव लिहायच्या आधी या विषयाचा थोडा इतिहास बघा.

डीएनए नुसता गिळला तर काय होतं? जठरातलं आम्ल त्याला खराब करतं, आतड्यातली एन्झाइम्स तुकडे करतात. पुढे चिकट श्लेष्मा, मग पेशीचं आवरण. आत शिरलं तरी केंद्रक गाठायचंच असतं. म्हणजे एक भिंत नाही, पाच आहेत.

१९९९ साली अमेरिकेत कृष्णेंदू रॉय, काम लिओंग आणि सहकाऱ्यांनी कायटोसान वापरलं. हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून बनतं. त्यावर धन भार, डीएनएवर ऋण. दोघं एकमेकांना धरून कण तयार होतात. शेंगदाण्यातल्या अ‍ॅलर्जीकारक प्रथिनाचं जनुक त्यांनी उंदरांना तोंडावाटे दिलं आणि पुढची तीव्र प्रतिक्रिया कमी झाली. पण नीट वाचा: हा आधी दिलेला बचाव होता, जडलेल्या अ‍ॅलर्जीवरचा उपचार नव्हे.

२००२ मध्ये नागपूरला शिकलेले विनोद लाभसेटवार यांच्या अमेरिकेतल्या गटाने आतली भिंत तपासली. पेशीत शिरलेले पीएलजीएचे कण आम्लधर्मी पिशव्यांतून दहा मिनिटांत बाहेर पडताना त्यांना दिसले. मात्र हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत. इथे जठर नव्हतंच.

२००८ मध्ये बोस्टनला मयंक भावसार आणि मन्सूर अमिजी यांनी जिलेटिनचे नॅनोकण पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या मोठ्या कणांत बंद केले. बाहेरचं कवच जठरात टिकतं, आतड्यातल्या लायपेजने झिजतं. आतड्याला सूज असलेल्या उंदरांना त्यांनी सूज आवरणाऱ्या आयएल-१० प्रथिनाचं जनुक दिलं आणि सूज उतरली. त्यांची निवड बघा: आजार आतड्यातच, त्यामुळे औषध रक्तात पोचवायची गरजच उरली नाही.

एवढं होऊनही नॅनोकणांतली अशी जनुकाची गोळी अजून रोजच्या उपचारात आलेली नाही. कारण प्रत्येक कामाने एखाद-दुसरी भिंतच ओलांडली, तीही बहुतेक उंदरांत.

तेव्हा प्रस्तावात कणांचा आकार आणि भार एवढंच मांडून थांबू नका. तुमचं काम कुठल्या भिंतीवर आहे ते पहिल्याच पानावर लिहा. उघडा डीएनए दिलेला गट तुलनेला ठेवा, आणि शेवटी पेशीत प्रथिन खरंच बनलं का, ते मोजा.