नगर रोडचं दुसरं टोक

वाघोलीत राहणाऱ्या माणसाला नगर रोडबद्दल जे काही वाटतं ते चारचौघांत लिहिण्यासारखं नाही, त्यामुळे ट्रॅफिकचा विषय आज बाजूला. प्रश्न वेगळाच आहे. या रस्त्याला नगर रोड म्हणतात कारण तो अहमदनगरला (आता अहिल्यानगरला) जातो. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनींपासून फुटून निजामशाही उभी केली आणि चारेक वर्षांत हे शहर वसवलं, इतकं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण ही राजधानी घाटावर, कोरड्या मुलखात. तिला अरबस्तानातून घोडे लागायचे, तिचा माल परदेशी जायचा. मग या राज्याचा समुद्र कुठला?

उत्तर आहे चौल. अलिबागच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरवरचं, आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाकून गेलेलं गाव. म्हणजे आत्ताचा हायवे थेट तिथे जात होता असं नव्हे, पण राज्याचं एक टोक नगर आणि दुसरं चौल. आपण अलिबागला जातो ते बीच, मासे आणि परत. हे दुसरं टोक बघायचंच राहून जातं.

म्हणून यावेळी आम्ही चौघांनी वेगळं केलं. गाडी केली आणि अलिबागच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक दिवसभरासाठी गाईड म्हणून ठरवले (नाव मुद्दाम लिहित नाही, त्यांना काका म्हणू). "गाईड कशाला, गुगल आहे की" असं आमच्यातल्या एकाने म्हणून झालंच. पण चौल-रेवदंड्याची गंमत अशी आहे की तिथे गुगलला दिसण्यासारखं फारच थोडं आहे. शहर आहे, पण ते लोकांच्या वाड्यांच्या आत आहे. कुठल्या कुंपणापाशी थांबून "आहे का कोणी घरात?" अशी हाक मारायची, हे माहीत असलेला माणूस बरोबर हवा. गाईडचे पैसे द्यायचे ते या हाकेचे.

काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा नाही, तिथीचा. कारण कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, नऊ वाजता, पूर्ण ओहोटी. एका ओळीचा अल्गोरिदम, बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही :) आमचा शनिवार चतुर्थीचाच निघाला. पहाटे साडेचारला वाघोली सोडली आणि खोपोली, पेण, वडखळ करत वेळेत अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो.

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळातला, १६८० चा. दगड बघा, असं काका म्हणाले. बाहेरच्या तटाचे मोठमोठे चिरे एकमेकांवर नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटते, फटींतून पाणी आत शिरतं, जोर मोडतो आणि पाणी परत बाहेर येतं. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आणि भर समुद्रात असूनही गोड्या पाण्याचं तळं. चतुर्थी असल्यामुळे देवळात गर्दी बऱ्यापैकी होती.

पण मला इथे सांगायची गोष्ट १७२१ ची आहे, कारण ती वाघोलीची पण आहे.

कान्होजी आंग्र्यांनी समुद्रावर इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना इतकं सळो की पळो केलं होतं की एरवी एकमेकांकडे संशयाने बघणारे हे दोघे एकत्र आले. इंग्लंडहून कमोडोर थॉमस मॅथ्यूज युद्धनौका घेऊन आला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने चौलला आला. १७२१ च्या डिसेंबरात दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला चढवला. छत्रपती शाहूंनी कान्होजींच्या मदतीला घाटावरून फौज पाठवली. तिच्यात पेशवा बाजीराव होता (वय वर्षं फक्त २१, पेशवाई मिळून दीडेक वर्षच झालेलं) आणि होते सरदार पिलाजी जाधवराव. होय, तेच. वाघोलीत ज्यांची समाधी आहे, वाघेश्वराच्या देवळाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते. मी समाधीवरून कितीतरी वेळा गेलोय, पण या माणसाचा आणि समुद्राचा काही संबंध असेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

हल्ला फसला. मॅथ्यूजला एका मराठा स्वाराचा भाला मांडीत लागला. तो इतका भडकला की त्याने दोस्त पोर्तुगीज सेनापतीच्याच तोंडात छडी खुपसली! हे त्या मोहिमेत स्वतः असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने लिहून ठेवलंय. पुढचं राजकारण बाजीरावाने केलं. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांशी वेगळा तह झाला आणि इंग्रज एकटे पडले. जमिनीवरची फौज वेळेवर खाली उतरली म्हणून समुद्रातला किल्ला वाचला. आपण घाट आणि कोकण अशी दोन वेगळी पुस्तकं वाचतो, पण ही एकच गोष्ट आहे.

अलिबागमध्ये अजून एक जागा बाहेरूनच पाहिली, ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईतल्या कुलाब्याला ही वेधशाळा होती, पण विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटमुळे नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून नानाभाई मूस यांनी ती १९०४ मध्ये अलिबागला आणली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या आणि मगच जुनी बंद केली. आमच्यातल्या रिलीज मॅनेजरने इथे मनोभावे हात जोडले.

असो. आता चौल.

चौलचं वय ऐकलं की गरगरायला होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' येतं. टॉलेमीच्या भूगोलात 'सिमुल्ला' येतं. साधारण ९१६ मध्ये अरब प्रवासी अल मसूदी इथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचं राज्य होतं. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या एका बंदरात राहतात, असं त्याने लिहिलंय. हिंदू राजाच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती आणि तिचे तंटे सोडवायला तिच्यातलाच प्रमुख. त्या काळातलं हिंजवडीच म्हणा ना.

१४६९ च्या सुमारास आणखी एक पाहुणा उतरला, अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. होर्मुझहून जहाजात एक घोडा घालून आला. घोडा दख्खनमध्ये विकायचा आणि श्रीमंत व्हायचं, एवढाच बिझनेस प्लॅन. चौलहून पाली करत तो जुन्नरला निघाला आणि पोचायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले. जुन्नरला पाऊस लागला आणि वर तिथल्या खानाने घोडा जप्त केला: धर्म बदल, घोडाही देतो आणि वर पैसेही. एका खोरासानी अधिकाऱ्याने मध्ये पडून त्याला सोडवलं. घोडा परत मिळाला, पण धंदा काही जमला नाही. परतीच्या वाटेवर घरी पोचायच्या आधीच तो वारला. मागे राहिली ती त्याची वही. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा पोरं त्याच्याच शेजारी क्रिकेट खेळत होती, स्टंपांना टेकू त्याच्या चौथऱ्याचा.

रेवदंडा म्हणजे खालचं चौल, पोर्तुगीजांचं. मार्च १५०८ मध्ये इथल्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाजने मिळून पोर्तुगीजांना हरवलं. त्यात व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेंसो मारला गेला आणि बापाने पुढच्या वर्षी दीवला जाऊन त्याचा सूड घेतला. हिंदी महासागर कोणाचा, हा प्रश्न या चिखलाच्या खाडीत एकदा लढला गेलाय. नंतर १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. हेतू साधा, घोड्यांचा व्यापार चालू राहावा. पन्नास वर्षांनी त्याच घराण्यातल्या मूर्तझा निजामशहाने हा पाहुणा हुसकायला १५७०-७१ मध्ये कित्येक महिने वेढा दिला, पण जमलं नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी वेढा घातला, तेव्हाही नाही. शेवटी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा कणाच मोडला आणि १७४० च्या तहात चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली.

आज गाडी थेट तटाच्या दरवाजातून आत जाते. आत गाव आहे: दुकानं, वाड्या, सायकली. एका वाडीत काकांनी हाक मारली, आजोबांनी फाटक उघडलं आणि सुपारीच्या झाडांमधून समोर चर्चची भिंत उभी. छप्पर नाही, कमानीत वडाच्या मुळ्या. तसाच तो सातखणी मनोरा. नावात सात मजले असले तरी आता वरचे ढासळलेत. आजोबांना आम्ही विचारलं, असं भग्नावशेष परसात असणं कसं वाटतं? ते म्हणाले, "वाटायचं काय? शिंपण्याचं पाणी त्याला वळसा घालून न्यावं लागतं." एवढंच.

मग इतकं मोठं बंदर मेलं कशाने? पुस्तकी उत्तर असतं की खाडी गाळाने भरली. ते खरं आहे, पण मला पुरेसं वाटत नाही. बंदर समोरच्या समुद्रावर जगत नाही, मागच्या मुलखावर जगतं. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि चौलच्या मागचं नगर गेलं. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. खोल पाणी, मोठी जहाजं, आणि चौलचे रेशीम विणकरसुद्धा तिकडे जाऊन वसले. १७४० मध्ये मराठ्यांनी चौल जिंकलं तेव्हा किल्ला हातात आला, गिऱ्हाईक आलं नाही. ज्याच्यासाठी दीडशे-दोनशे वर्षं रक्त सांडलं, ते मिळेपर्यंत रिकामं झालेलं होतं.

शेवटचा टप्पा कोर्लई. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की समुद्रात घुसलेला लांबट डोंगर, त्यावर किल्ला, पायथ्याशी गाव. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हा डोंगर घेतला. किल्ला छानच आहे, वरून खाडीचं मुख हातात आल्यासारखं दिसतं. पण खरा ऐतिहासिक अवशेष खाली गल्लीत आहे आणि तो बोलतो. इथले ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात ती ना मराठी ना पोर्तुगीज. ते तिला 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची रचना आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय. एका मावशींनी आमच्याशी मराठीत गप्पा मारता मारता मध्येच आतल्या मुलाला हाक दिली, आणि ते वाक्य ऐकताना मला शब्द एकही कळला नाही पण चाल पूर्ण ओळखीची वाटली. राज्य १७४० ला गेलं, बोली राहिली. बोलणारे आता हजाराच्या आसपास. मुलं मराठी शाळेत जातात, नोकरीला मुंबईला जातात. तट पडायला शतकं लागतात, भाषेला दोन पिढ्या पुरतात.

हे सगळं लिहिण्यामागे एक कारण आहे. ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी अलिबागकडे प्लॉट बघून येतो. वीकेंड होम, सी व्ह्यू, झालंच तर इन्व्हेस्टमेंट. घ्या, हरकत काहीच नाही. पण चौल-रेवदंड्याला जमिनीच्या खाली आणि वाडीच्या आत शहर आहे. जो तट संरक्षित यादीत आहे त्याला निदान कायद्याचा आधार आहे. वाडीतलं जोतं, जुनी बांधीव विहीर, उलटा पडलेला कोरीव दगड यांना फक्त मालकाच्या सवयीचा आधार आहे. आजोबा पाणी वळसा घालून नेतात म्हणून ती भिंत उभी आहे. उद्याच्या मालकाचा जेसीबी वळसा घालेल का, हे त्या मालकाला काय माहीत आहे यावर ठरणार. आणि तो उद्याचा मालक बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असणार.

तेव्हा मंडळी, प्लॉट बघायला जाल तेव्हा एजंटबरोबर एक दिवस आणि गावातल्या जाणत्या माणसाबरोबर एक दिवस, असं करा. तिथीची पाऊणपट करून निघा. पाण्याच्या बाटल्या परत आणा. वाडीत शिरण्याआधी हाक मारा आणि ओ येईपर्यंत थांबा.