वध, जळीत, वळण : बातमीच्या ओळींवर भाष्य

या ओळी कुणा एका दैनिकाच्या नाहीत. राजकीय हिंसेच्या मराठी बातम्या ज्या साच्यातून निघतात, त्या साच्याच्या आहेत.

‘गांधीवध’

जोतिबाच्या डोंगरावर ‘वध’ शोभतो. जोतिबाने, म्हणजे केदारनाथाने, रत्नासुराचा वध केला, ही तिथल्या वाडी रत्नागिरीची कथा. मराठी कानावर हा शब्द रावण, कीचक यांच्याबरोबर आलेला. मारला जातो तो बहुधा दैत्य किंवा दुष्ट, आणि मारणाऱ्याचे ते धर्मकार्य. ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र वृद्धावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याला ‘वध’ म्हटले की खुनी देवाच्या जागी जाऊन बसतो. कायद्यातही ‘मनुष्यवध’ आहे, पण तिथे गुन्हा सांगायला आधी ‘सदोष’ जोडावे लागते. अनेकांनी हा शब्द द्वेषाने नव्हे, नुसत्या सवयीने लिहिला, हे मला मान्य आहे. तरीही बातमीत ‘खून’च हवा.

‘गांधीहत्येनंतर कोल्हापुरात जळीत झाले’

घरे आपोआप पेटली नाहीत. माणसांनी जात पाहून ब्राह्मणांची घरे पेटवली. चित्रपटकार भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जाळला. ‘जळीत’ या शब्दात काडी ओढणारा हात उरत नाही. आधीच्या ओळीला लावलेली कसोटी इथे सैल केली, तर भाष्यकार पक्षकार होतो.

‘विशाळगड अतिक्रमणविरोधी आंदोलनाला हिंसक वळण’

१४ जुलै २०२४ रोजी घरे आणि वाहने फुटली ती गडाखालच्या गजापुरात. वाद गडावरच्या बांधकामांचा होता, मार गजापूरने खाल्ला, आणि या मथळ्यात गजापूर नाहीच. वळण घाटातल्या रस्त्याला असते. जमाव आपल्या पायांनी दारापर्यंत जातो. ‘जमावाने गजापुरात घरे फोडली, मशिदीची तोडफोड केली’ एवढे लिहायला जागा कमी पडत नाही.

‘संतप्त जमाव’

कृत्याआधीच कारण देणारे विशेषण. ज्याचे दार फुटले, त्याच्या संतापाला असे विशेषण क्वचितच मिळते.

‘अज्ञात हल्लेखोरांचा गोविंद पानसरे यांच्यावर गोळीबार’

इथे ‘अज्ञात’ला माझी हरकत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात हल्लेखोर कोण हे खरोखरच ठाऊक नव्हते; अंदाजाने नाव छापणे हाही अन्यायच. कम्युनिस्ट नेते पानसरे २० फेब्रुवारीला गेले. ओळीतली उणीव वेगळी आहे : त्या सकाळी गोळी त्यांच्या पत्नी उमाताई पानसरे यांनाही लागली होती, आणि मथळ्यात त्यांचे नाव नाही.