मोहिनीच्या आधी आणि मोहिनीनंतर

दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीत जाऊन विनवण्या करून झाल्या, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार झाली नाही. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा अण्णा साळुंके त्यांना सापडला. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि साळुंके तारामती झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये मुंबईकरांनी पाहिलेली ती पतिव्रता राणी म्हणजे एक पुरुष होता. आपण गोष्ट सांगतो ती इथपर्यंतच. तिचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याच वर्षी फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात एक नव्हे, दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. त्या मायलेकी होत्या.

चित्रपट होता ‘मोहिनी भस्मासुर’. फाळक्यांनी दादरहून नाशिकला बिऱ्हाड आणि कारखाना हलवल्यानंतरचा. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. कमलाचा जन्म सप्टेंबर १९०० चा, म्हणजे मोहिनीचं नृत्य करणारी ही नायिका अवघी तेरा वर्षांची होती.

फाळक्यांना मुंबईत मिळाली नाही ती स्त्री इतक्या लवकर कशी मिळाली? उत्तर दुर्गाबाईंच्या आयुष्यात आहे. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी लहान मुलगी असलेल्या ब्राह्मण बाईला त्या काळी कमाईच्या वाटा किती असणार? कुणाकडे पोळ्या लाटायच्या, धुणीभांडी करायची, नाही तर नातलगांच्या उपकारावर जगायचं. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक मंडळीचा रस्ता धरला आणि मुलीलाही सोबत नेलं. कमला चार वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली. समाजाला जे बोलायचं होतं ते फाळक्यांची हाक येण्याआधीच बोलून झालं होतं. इभ्रतीच्या भीतीने बाकीच्या बायका मागे सरल्या. या दोघींकडून त्या नावाखाली हिरावून घेण्याजोगं आता काही उरलं नव्हतं. भारतीय पडद्यावरची पहिली स्त्री आली ती अशी, पोटापाण्याच्या वाटेवरून. हे सांगताना तिचं धैर्य उणावतं असं मला मुळीच वाटत नाही.

पण एका चित्रपटाने दार सताड उघडलं नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम झाला आणि साळुंकेच सीता. स्त्रीपार्टी नटाची सवय मराठी प्रेक्षकाच्या अंगात भिनलेली होती आणि ते बालगंधर्वांचे दिवस होते. मात्र रंगभूमीवरच्या त्या किमयेत गळ्याचा वाटा फार मोठा होता. मूकपटाने गाणं काढून घेतलं आणि चेहरा जवळ आणला. पुरुषाने बाई होण्याची कला ज्याच्यावर तोलली होती तो आधारच पडद्यावर नाहीसा झाला. पुढे १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’तून बोलपटात आले, ते संत एकनाथ म्हणून, पुरुषाच्याच भूमिकेत.

मधल्या काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त (१९२०) गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना उभं केलं. पडद्यासाठी त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. चित्रपट गाजला, पण जातभाईंनी दोघींना वाळीत टाकलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. पडद्यावर द्रौपदीच्या विटंबनेने हळहळणारा समाज तिचं काम करणाऱ्या बाईला घरात घ्यायला तयार नव्हता. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या दोघींच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, हा मला सरळ अन्याय वाटतो. मुंबईत पुढे सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या ज्यू घरातल्या रूबी मायर्स, तारका म्हणून तळपल्या. पण हिंदू मध्यमवर्गाने तेवढ्याने आपला उंबरा ओलांडला नाही.

मोहिनी झालेल्या कमलाबाईंचं काय झालं? त्या नाटकाकडेच परतल्या. चित्ताकर्षक नाटक मंडळीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचं लग्न झालं. रघुनाथराव आधी स्त्रीभूमिका करत; आवाज फुटल्यावर ते नायक झाले आणि त्यांची नायिका कमलाबाई. या जोडीला प्रेक्षकांनी आपलंसं केलं. पण कमलाबाई पंचविशीत, तिसऱ्या मुलाच्या वेळी गरोदर असताना रघुनाथराव गेले. आता आईच्याच जागी मुलगी येऊन उभी राहिली होती: पदरी मुलं आणि हातात एकच कला. त्या मनोहर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. तिथे सगळं काम बायकाच करत, त्यामुळे पडद्यावरच्या पहिल्या नायिकेने मिशा लावून पुरुषांच्या भूमिका केल्या. साळुंक्याला जे बाईसाठी करावं लागलं, ते हिने पुरुषासाठी केलं. स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करणं प्रतिष्ठित मराठी रंगभूमीने मनापासून स्वीकारलं ते ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’च्या सुमारास, १९३३ मध्ये. म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’नंतर वीस वर्षांनी.

त्याच्या जरा आधी, १९३२ मध्ये, प्रभातने हरिश्चंद्राची कथा पुन्हा घेतली: ‘अयोध्येचा राजा’. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम बाबूराव पेंटरांच्याच तालमीत तयार झालेले. त्यांची तारामती होती दुर्गा खोटे, लाडांच्या सुखवस्तू घरातली, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. आदल्याच वर्षी ‘फरेबी जाल’मधल्या लहानशा कामावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. ‘अयोध्येचा राजा’ने ती झोड थांबवली आणि कुलीन घरच्या मुलींना वाट मिळाली. दुर्गाबाई खोट्यांचं मोठेपण मी कणभरही कमी करत नाही. पण ‘पहिली कुलीन अभिनेत्री’ म्हणून त्यांचा गौरव करताना आपण नकळत आधीच्या चौघींना अकुलीन ठरवतो. त्यांनी सोसलं नसतं, तर १९३२ ची तारामतीही घडली नसती.

कमलाबाईंनी तिन्ही मुलं कलेत वाढवली. चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. विक्रम गोखले हे चंद्रकांतांचे चिरंजीव. स्वतः कमलाबाई बोलपटांतूनही काम करत राहिल्या, अगदी १९८० च्या ‘गहराई’पर्यंत. नव्वदीच्या घरातल्या कमलाबाईंना रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ या माहितीपटात टिपलं. तो मिळवून जरूर पाहा. थकलेल्या देहात नाटकातली जुनी भाषणं किती ताजी होती, ते त्यात दिसतं.

फिरत्या मंडळ्यांतल्या बायकांची नोंद कुणी नीट ठेवली नाही. त्यांच्या खुणा राहिल्या त्या हस्तपत्रकांत, ग्रुप फोटोंत, घरोघरच्या ट्रंकांत. तुमच्या आजीच्या किंवा पणजोबांच्या सामानात असा एखादा कागद असेल तर तो रद्दीत घालू नका. त्यावरची नावं वाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून माणसं ओळखून ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा जवळच्या चांगल्या ग्रंथालयाला दाखवा.