दाढीवाल्या सरड्याच्या पिल्लाचा आहार

दाढीवाला सरडा (शास्त्रीय नाव: पोगोना व्हिटिसेप्स, प्रचलित नाव: बिअर्डेड ड्रॅगन) हा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील कोरड्या व निमओसाड प्रदेशात आढळणारा सरपटणारा प्राणी आहे. १९२६ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आल यांनी त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. भारतात सर्वत्र दिसणारा बागेतील सरडा आणि हा प्राणी ॲगामिडी या एकाच कुलातील आहेत. शांत स्वभावामुळे तो जगभर पाळला जातो. पाळीव पिल्लू अन्न नाकारते किंवा एकाच खाद्याचा हट्ट धरते, ही पालनातील नेहमीची अडचण आहे. वाढीच्या वयात तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास हाडे कायमची वाकतात व पिल्लू दगावूही शकते.

वयानुसार आहार

हा प्राणी मिश्राहारी आहे. पिल्लाच्या आहारात कीटकांचा वाटा साधारणतः ७० ते ८० टक्के असतो व उरलेला भाग पालेभाज्यांचा असतो. सुमारे वर्षभरानंतर हे प्रमाण हळूहळू उलटे होते. पहिल्या काही महिन्यांत दिवसातून दोन ते तीन वेळा, दर वेळी १० ते १५ मिनिटांत संपतील एवढे कीटक दिले जातात. कीटक पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. मोठा घास आतड्यात अडकण्याचा धोका असतो.

रातकिडे, डुबिया झुरळे, रेशमाच्या अळ्या आणि काळ्या सैनिक माशीच्या अळ्या हे नेहमीचे खाद्य होय. बहुतेक कीटकांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी अधिक असतो. म्हणून कीटकांना आधी एक दिवस पाला व गाजर खाऊ घालतात आणि देतेवेळी त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरतात. एकूण आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण २:१ च्या जवळपास असणे इष्ट मानले जाते.

अन्न नाकारण्याची कारणे

अन्न नाकारणे हा बहुधा खोडकरपणा नसून परिस्थितीचा परिणाम असतो. नव्या घरात आलेले पिल्लू काही दिवस भेदरलेले असते. कात टाकण्याच्या काळातही भूक मंदावते. मेणकिड्यांच्या चरबीयुक्त अळ्या वरचेवर दिल्यास पिल्लू अन्य खाद्याकडे पाठ फिरवते. आतड्यातील परजीवी हेही एक कारण असू शकते; त्यासाठी विष्ठेची तपासणी करावी लागते.

मात्र सर्वांत आधी तपासावे ते तापमान. सरडा शरीराची उष्णता बाहेरून मिळवतो व ती पुरेशी नसल्यास अन्न पचत नाही. शेकण्याची जागा सुमारे ४० अंश सेल्सियस व पेटीची दुसरी बाजू २५ ते ३० अंश असावी लागते. यासोबत अतिनील-ब किरणांचा दिवा आवश्यक असतो. या किरणांखेरीज शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही व आहारातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे काचेआडचे ऊन दिव्याची जागा घेऊ शकत नाही.

खानदेशातील हवामान

जळगाव व धुळे जिल्ह्यांत या बाबीला विशेष महत्त्व आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पेटीत थंड बाजूच उरत नाही. पिल्लू तोंड उघडे ठेवून पडून राहते व खात नाही. या दिवसांत खोली गार ठेवून सकाळी लवकर खाऊ घालणे हिताचे ठरते. याउलट धुळ्यात हिवाळ्यातील रात्री पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. रात्री वीज गेल्यास पेटी वेगाने थंड होते आणि सकाळी अंग पुरेसे शेकून होईपर्यंत पिल्लू अन्नाला तोंड लावत नाही.

स्थानिक खाद्य

कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, तुतीची पाने आणि जनावरांसाठी पेरला जाणारा लसूणघास ही पिल्लासाठी उपयुक्त हिरवी खाद्ये आहेत. लाल भोपळा (गंगाफळ) व गिलके बारीक किसून देता येतात. जास्वंदीची फुले रंगामुळे पिल्लाचे लक्ष वेधून घेतात. पालक व तांदुळजा यांत ऑक्झॅलेट अधिक असल्याने ते रोज देऊ नयेत.

जळगावची ओळख असलेल्या केळ्यात कॅल्शियमच्या सुमारे चौपट फॉस्फरस असतो. म्हणून केळे क्वचितच व चवीपुरते द्यावे. पपईत हे प्रमाण अनुकूल असते, तथापि साखरेमुळे तीही थोडीच पुरे. कपाशीच्या शेतातून पकडलेले नाकतोडे देणे धोक्याचे आहे, कारण त्यांच्या अंगावर व पोटात कीटकनाशकाचा अंश असू शकतो. काजवा या सरड्यासाठी प्राणघातक विष आहे. एक काजवाही जीव घेऊ शकतो. ॲव्होकॅडोही पूर्णतः वर्ज्य होय.

खाण्याची सवय लावणे

पिल्लू सकाळी शेकून झाल्यावर भुकेले असते. त्या वेळी प्रथम पाला ठेवून कीटक नंतर दिल्यास पाल्याची सवय लागते. हलणारी वस्तू त्याच्या नजरेत चटकन भरते. म्हणून बारीक चिरलेल्या पाल्यावर दोन-चार अळ्या सोडल्या असता अळी टिपताना पाल्याचाही घास पोटात जातो. पाल्यावर पाणी शिंपडल्याने तो ताजा राहतो व पिल्लालाही पाणी मिळते. न खाल्लेले कीटक रात्री पेटीत ठेवू नयेत. ते झोपलेल्या पिल्लाला चावतात. बळजबरीने तोंड उघडून भरवणे टाळावे.

दर आठवड्याला वजन नोंदवणे हा प्रकृती जाणण्याचा विश्वसनीय मार्ग आहे. वजन स्थिर असल्यास किंवा वाढत असल्यास एखाद-दुसऱ्या दिवसाची उपासमार चिंतेची नसते. वजन घटणे, डोळे खोल जाणे, पाय थरथरणे किंवा जबडा मऊ पडणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाकडे जावे. शेवटची दोन लक्षणे कॅल्शियमच्या अभावाने होणाऱ्या अस्थिविकाराची असतात. हा विकार वेळीच ओळखल्यास आटोक्यात येतो. वाकलेले हाड मात्र सहसा पूर्ववत होत नाही.

कायदा

हा प्राणी विदेशी असून त्याच्या आयातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. खानदेशातील रानांत आढळणारी घोरपड मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे.