हे घर कोणाचे? मध्ययुगीन इंग्लिश नगरांतील जमीन-हक्कांचे हस्तांतरण



समजा, तुम्ही घर विकत घेतले. पैसे मोजले, किल्ली हातात आली. दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस दारात येऊन म्हणाला, "हे घर माझे आहे." तुम्ही काय दाखवाल? अर्थातच नोंदणी झालेले खरेदीखत. आता अशी कल्पना करा की नोंदणी कार्यालय नाही, भूमापन नकाशा नाही, घराला क्रमांक नाही आणि बहुतेकांना वाचता येत नाही. बाराव्या-तेराव्या शतकातील इंग्लंडच्या नगरांपुढे नेमका हाच प्रश्न होता. तो त्यांनी कसा सोडवला, हे आपण या टिपणात पाहू.

१. विकले काय जात होते?

कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडमधील सर्व जमीन अखेर राजाकडून धारण केलेली असे. खेड्यातील बंधक शेतकऱ्याला जमीन दुसऱ्याला द्यायची तर जमीनदाराच्या दरबारात जावे लागे. नगरवासी मात्र 'बर्गेज' या पद्धतीने जमीन धारण करी. तो वर्षाला ठरावीक रोख रक्कम भरे. ती अनेक ठिकाणी १२ पेन्स होती. त्याबदल्यात तो वेठबिगारीतून मोकळा असे. पहिल्या हेन्रीच्या काळातील (११०० ते ११३५) न्यूकॅसलच्या रूढींनुसार, जमिनीवर वाद नसेल तर नागरिकाला ती विकून हवे तिथे जाता येई.

म्हणून लक्षात घ्या, विक्री विटामातीची नव्हती, हक्काची होती. एकाच घरावर राजाचे भाडे, एखाद्या मठाला द्यायची वार्षिक रक्कम आणि आत राहणाऱ्या कुळाचा हक्क असे थर असू शकत. खरेदीदाराला हे ओझे घरासकट मिळे. १२९० च्या 'क्विया एम्प्टोरेस' कायद्याने देशभर हेच तत्त्व पक्के केले: जमीन घेणारा विकणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि वरच्या धन्याशी असलेले त्याचे नाते पुढे चालवतो.

२. मातीचे ढेकूळ आणि मेणाची मोहोर

हक्क डोळ्यांना दिसत नाही. मग तो द्यायचा कसा? यासाठी 'सीझिन', म्हणजे कायद्याने मान्य केलेला ताबा, प्रत्यक्ष सोपवावा लागे. विकणारा आणि घेणारा साक्षीदारांसह त्या जागेवर जात. विकणारा मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात देई. शेजाऱ्यांनी ते पाहिले की व्यवहार गावाच्या स्मरणात नोंदला जाई.

पण साक्षीदार म्हातारे होतात, मरतात. म्हणून खत लिहिण्याची प्रथा वाढली. त्यात चतुःसीमा दिलेल्या असत: अमुक रस्ता, उजवीकडे अमक्याचे घर, डावीकडे तमक्याचे. शेवटी साक्षीदारांची नावे आणि विकणाऱ्याची मोहोर. सामान्य माणसाची मोहोर कोण ओळखणार? म्हणून अनेक खतांवर नगराची किंवा महापौराची मोहोरही लावून घेत.

याहून भक्कम उपाय राजाच्या न्यायालयात होता. खरेदीदार विकणाऱ्यावर नावापुरता दावा लावी आणि दोघे लगेच तडजोड करत. ती तडजोड एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी रेषेत कापली जाई. दोन भाग पक्षकारांना मिळत आणि तळचा भाग ११९५ पासून राजाच्या खजिन्यात ठेवला जाऊ लागला. कोणी बनावट प्रत आणली तर कडा जुळत नसत. मी अभियांत्रिकी शिकवतो. तीन ठिकाणी प्रती आणि खरेपणा तपासायची सोय, यापेक्षा चांगली रचना आम्हीही सुचवली नसती.

३. पत्नीला वेगळे विचारा

आता सर्वांत नाजूक मुद्दा. पत्नीला माहेरच्या वारशाने मिळालेले घर पतीने विकले तर? पतीच्या मृत्यूनंतर ती दावा करू शके की, "तो जिवंत असताना मला विरोध करता आला नाही." असा दावा खरेदीदारालाही बुडवू शके. म्हणून न्यायालयापुढे असा व्यवहार आला की पत्नीला पतीपासून वेगळे उभे करून विचारले जाई: तुमची संमती स्वखुशीची आहे का? लंडनच्या हस्टिंग न्यायालयातही ही पद्धत होती. पतीच्या धाकापुढे हा उपाय किती पुरा पडला असेल, याचा विचार तुम्हीच करा. तरीही तिच्या होकाराशिवाय खरेदी सुरक्षित नाही, एवढे कायद्याने मान्य केले होते.

हस्टिंगचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तेथे नोंदवलेली १२५८ पासूनची मृत्युपत्रे. राजाच्या सामान्य कायद्यात १५४० पर्यंत जमीन मृत्युपत्राने देता येत नव्हती. लंडनच्या नागरिकाला मात्र रूढीने तो अधिकार होता. बाप मरणापूर्वी घर धाकट्या मुलीच्या नावे करू शके.

४. आपल्याकडे काय उरले?

१८ फेब्रुवारी १६६५ रोजी पोर्तुगिजांनी मुंबई हम्फ्री कुक याच्या स्वाधीन केली, तेव्हा त्याने हातात माती आणि दगड घेऊन ताबा घेतल्याची नोंद आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ वाचा. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणीकृत दस्त आवश्यक आहे. त्याखालील किमतीची मालमत्ता मात्र नुसता ताबा देऊनही विकता येते. मातीच्या त्या ढेकळाची सावली कायद्यात अजून शिल्लक आहे.

स्वाध्याय: घरातील एखादे जुने खरेदीखत मागून घ्या. चतुःसीमा, साक्षीदार आणि घरातील स्त्रियांच्या सह्या शोधा. सही नसेल, तर ती का नाही, हे घरात विचारा.